वेबसाइट आहे, पण चौकशीचा फोन येत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

साइट केली, पैसे भरले, कार्डावर पत्ता छापला, आणि फोन मात्र पूर्वी यायचे तेवढेच. अशा वेळी बहुतेकांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे साइट नव्यानं करून घेणं, आणि दुसरा म्हणजे गूगलवर जाहिरात लावणं. दोन्ही खर्चिक आहेत आणि दोन्ही करूनही मूळ दोष जागच्या जागी राहू शकतो. फॉर्मचा मेल स्पॅममध्ये जात असेल तर नव्या साइटचा मेलही तिथेच जाणार. नंबर चुकीचा जोडलेला असेल तर जाहिरातीवरून आलेला माणूसही त्याच चुकीच्या नंबरावर बोट ठेवणार.

म्हणून तपासणी उलट्या टोकानं करायची. गिऱ्हाईकाचं बोट जिथे शेवटी पडतं तिथून सुरुवात, आणि मग एकेक पायरी मागे. खालचा क्रम ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या व्यवसायांसाठी लिहिला आहे: क्लिनिक, क्लासेस, केटरर, इंटिरियर, पेस्ट कंट्रोल, एमआयडीसीतली वर्कशॉपं. पहिल्या तीन तपासण्यांना एक मोबाइल आणि तासभर वेळ पुरतो, पैसे लागत नाहीत.

लक्षणं

आधी आपलं लक्षण नेमकं कोणतं ते ठरवा. 'काम येत नाही' एवढ्यावर काहीच दुरुस्त करता येत नाही.

- पूर्वी चौकशा येत होत्या, एका ठरावीक दिवसानंतर एकदम थांबल्या. काहीतरी तुटलं आहे: डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव), सुरक्षा प्रमाणपत्र, फॉर्म किंवा साइटमध्ये झालेली घुसखोरी.
- साइटला भेटी दिसतात, पण फोन, व्हॉट्सॲप, फॉर्म सगळं शांत. दोष संपर्काच्या वाटेत किंवा पहिल्या पडद्यावरच्या मजकुरात.
- भेटीच नाहीत. साइट गूगलला सापडलेली नाही, किंवा गूगल प्रोफाइल (नकाशावर दिसणारी तुमच्या धंद्याची नोंद) अर्धवट आहे.
- तुम्ही शोधलं की साइट वर दिसते, गिऱ्हाईक म्हणतं 'कुठे दिसली नाही'. हा भास आहे, त्याबद्दल पुढे.
- फोन येतात पण भलतेच: नोकरी मागणारे, किंवा तुम्ही जाऊच शकत नाही अशा गावांतले.
- माणूस भाव विचारतो आणि परत कधीच बोलत नाही. यात साइटचा वाटा असतो, पण अर्धाच.

१. साइट उघडते का, तेही बाहेरच्या माणसासाठी

ऑफिसचा वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा, ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडा आणि पत्ता हातानं टाइप करा. एकदा तीन डब्ल्यू लावून, एकदा न लावता. दोन्ही वेळा साइट उघडली पाहिजे. रोजच्या कॉम्प्युटरवर बघू नका, कारण तिथे साइटची जुनी प्रत साठवलेली असते आणि बंद पडलेली साइटही काही वेळ धडधाकट वाटते.

पत्त्याच्या शेजारी 'सुरक्षित नाही' असं दिसलं तर प्रमाणपत्र नाही किंवा संपलं आहे. जुलै २०१८पासून क्रोम प्रत्येक साध्या एचटीटीपी साइटवर हा शेरा दाखवतं, आणि प्रमाणपत्र संपलेलं असेल तर सरळ पानभर इशारा येतो. तो ओलांडून पुढे जाणारं गिऱ्हाईक विरळा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं व्हायला हवं. होस्टिंग (साइट ठेवलेला सर्व्हर) बदललं किंवा डीएनएसमध्ये (डोमेन कुठे वळवायचं त्या नोंदींत) कुणी हात घातला की ते नवीकरण गपचूप थांबतं. म्हणूनच 'तीन महिन्यांपूर्वीपर्यंत ठीक होतं' हे वाक्य ऐकलं की आधी प्रमाणपत्राची तारीख बघायची. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ते एका बटणानं परत घेता येतं.

डोमेनच्या दोन तारखा लक्षात ठेवा. डॉट कॉम नवीन घेतल्यावर पुष्टीचा मेल येतो, तो १५ दिवसांत क्लिक केला नाही तर डोमेन थांबवलं जातं. नवी साइट पंधरवड्यात बंद पडली तर कारण जवळजवळ नेहमी हेच. दुसरी तारीख मुदतीची. मुदत संपली की साधारणपणे काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण होतं. त्यानंतरच्या ३० दिवसांत सोडवून घ्यायला जबर दंड पडतो. मग पाच दिवसांनी ते डोमेन कुणीही विकत घेऊ शकतं. ज्या मेलवर हे इशारे येतात तो मेल अजून कुणी उघडतं का, हे आजच बघा.

आणखी एक जुना सापळा. गूगल प्रोफाइलमधूनच फुकट बनवलेल्या साइट, ज्यांच्या पत्त्यात 'बिझनेस डॉट साइट' यायचं, त्या गूगलनं मार्च २०२४मध्ये बंद केल्या. काही महिने तो पत्ता प्रोफाइलवर वळत होता, आता तेही नाही. बोर्डावर, रिक्षामागच्या स्टिकरवर, कार्डावर तो पत्ता अजून असेल तर माणसं रिकाम्या पानावर पोहोचत आहेत.

२. नंबरावर बोट ठेवून बघा

मोबाइलवर साइट उघडून फोन नंबरावर बोट ठेवा. डायलर उघडला पाहिजे, नंबर पूर्ण आणि बरोबर हवा. चुका ठरलेल्याच असतात. नंबर बॅनरच्या चित्रात रंगवलेला असतो, त्यामुळे बोट ठेवून काहीच होत नाही. किंवा लिंकमध्ये जुना नंबर आणि वर दिसायला नवा. लँडलाइन असेल तर अधिक चिन्ह, ९१, मग २२ आणि पुढचे आठ आकडे. ०२२मधलं शून्य ९१नंतर तसंच राहिलं तर फोन लागत नाही. आपल्याकडे ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीचा कोड ०२२, त्यामुळे ही चूक सर्रास सापडते.

व्हॉट्सॲपच्या लिंकचा नियम उलटा आहे. तिथे ९१ आणि पुढे दहा आकडे सलग. अधिक चिन्ह नाही, शून्य नाही, आडवी रेघ नाही, मोकळी जागा नाही. लिंकमध्ये आधीच एखादं वाक्य भरून ठेवता येतं, ते जरूर ठेवा: 'पेस्ट कंट्रोलबद्दल विचारायचं आहे, माझा परिसर:'. रिकामी खिडकी उघडली की काय लिहू या विचारात माणूस परत जातो. अर्धं वाक्य समोर असलं की तो परिसर टाकून पाठवतो, आणि तुम्हालाही पहिल्याच संदेशात कळतं की घर घणसोलीत आहे की घोडबंदरला.

हे दुसऱ्याच्या फोनवरून, दुकान उघडं असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा करून बघा. समोरच्याला काय ऐकू येतं ते महत्त्वाचं. सहा रिंगनंतर तुटणारा फोन म्हणजे साइटनं आणलेलं गिऱ्हाईक दारातून परत.

३. फॉर्म: सगळ्यात जास्त चौकशा इथेच बुडतात

फॉर्म स्वतः भरा. 'टेस्ट टेस्ट' लिहू नका, गिऱ्हाईक लिहील तसं लिहा: 'खारघर, सेक्टर १२, टू बीएचके, दिवाळीआधी किचन हवं आहे.' ईमेल पत्ता घरातल्या कुणाचा तरी जीमेलचा द्या. घड्याळ लावा. पाच मिनिटांत मेल तुमच्या धंद्याच्या इनबॉक्समध्ये यायला हवा. आला नाही तर आधी स्पॅम बघा, मग फॉर्मच्या सेटिंगमध्ये मेल नेमका कुणाला जातो ते बघा. साइट बनवणाऱ्याचा किंवा नोकरी सोडून गेलेल्या मुलीचा पत्ता तिथे असणं ही अगदी नेहमीची गोष्ट.

पत्ता बरोबर असूनही मेल येत नसेल तर कारण समजून घ्या, म्हणजे दुरुस्ती टिकेल. वर्डप्रेस, म्हणजे बऱ्याच छोट्या साइट ज्यावर बनतात ते सॉफ्टवेअर, मुळात कुठल्याही मेलबॉक्समधून न जाता थेट सर्व्हरच्या पीएचपी मेलमधून पत्र सोडतं. पत्रावर नाव तुमच्या डोमेनचं, पण 'हा सर्व्हर माझ्या वतीनं मेल पाठवू शकतो' अशी नोंद डोमेनच्या डीएनएसमध्ये नसते. या नोंदीला एसपीएफ म्हणतात. पत्रावर उमटणाऱ्या डिजिटल सहीला डीकेआयएम. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी याबाबतीत नियम कडक केले आहेत. दोन्हींपैकी काहीच नसलेलं पत्र स्पॅममध्ये पडतं किंवा दारातच नाकारलं जातं. कित्येकांचे फॉर्म त्या सुमारास मुके झाले आणि महिनोन्महिने कुणाला कळलंही नाही, कारण भरणाऱ्याला पडद्यावर 'धन्यवाद' दिसतच होतं.

दुसरी तितकीच नेहमीची चूक प्रेषकाच्या रकान्यात असते. तिथे गिऱ्हाईकाचा स्वतःचा पत्ता टाकलेला असतो. म्हणजे तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या जीमेल पत्त्यावरून पत्र पाठवायला बघतो, आणि मेल यंत्रणेला ती बनवाबनवी वाटते. प्रेषक म्हणून तुमच्याच डोमेनचा पत्ता हवा. गिऱ्हाईकाचा पत्ता 'रिप्लाय टू'मध्ये.

दुरुस्ती अशी. वर्डप्रेसमध्ये एसएमटीपी प्लगिन (खऱ्या मेलबॉक्समार्फत पत्र पाठवणारा जोड) बसवा. त्यात तुमच्या डोमेनच्या मेलबॉक्सचं नाव आणि पासवर्ड भरा, पोर्ट ५८७ टीएलएससह किंवा ४६५ एसएसएलसह. मेलबॉक्स जीमेलचा असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही: खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. मग डीएनएसमध्ये एसपीएफची नोंद बघा. ती एकच असली पाहिजे. आधीची तशीच ठेवून शेजारी दुसरी टाकली तर दोन्ही निकामी होतात. दोघांचा मजकूर एकाच ओळीत गुंफायचा.

आणि मेल चालू झाला तरी फक्त मेलवर विसंबू नका. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे बरंच वापरलं जाणारं प्लगिन आलेली चौकशी स्वतःहून साठवत नाही. मेल हरवला की चौकशी हरवली. त्याच निर्मात्याचं फ्लेमिंगो हे मोफत प्लगिन लावलं की प्रत्येक चौकशी साइटमध्येही नोंदली जाते. ते लावल्याशिवाय ही पायरी पूर्ण झाली असं समजू नका.

फॉर्मचे रकाने तीनच पुरेत: नाव, मोबाइल, काय हवं आहे. ईमेल सक्तीचा ठेवला तर सोसायटीतला माणूस अर्ध्यावर सोडून देतो. त्याला मेल नको, फोन हवा असतो.

४. गूगल प्रोफाइल

'जवळचा दंतवैद्य' किंवा 'सीवूड्समधला केटरर' असा शोध घेतला की नकाशा आणि तीन नावं आधी येतात, साइट त्याखाली. म्हणून छोट्या धंद्याची साइट प्रोफाइलपासून वेगळी काढून तपासण्यात अर्थ नाही.

गूगल स्वतः सांगतं की स्थानिक निकाल तीन गोष्टींवर ठरतात: शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक. यातल्या अंतरामुळेच तो वर म्हटलेला भास होतो. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात बसून शोधलं की तुम्ही वर दिसणारच, कारण शोधणारा तुमच्या दारात बसला आहे. कासारवडवलीतल्या माणसाला मानपाड्यातले आणि हिरानंदानी इस्टेटमधले आधी दिसतात, आणि घोडबंदरची वाहतूक पाहता त्याच्या दृष्टीनं ते बरोबरही आहे. कोपरखैरणेच्या किंवा खारघरच्या ओळखीच्याला तिथून शोधून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. ती खरी परीक्षा.

अंतर बदलता येत नाही, बाकीचं येतं. मुख्य श्रेणी नेमकी निवडा, शिवाय आणखी नऊ देता येतात. मुख्य श्रेणीचं वजन जास्त, म्हणून 'दुकान' असं मोघम न ठेवता 'किचन रिमॉडेलर'सारखं नेमकं नाव घ्या. तुम्ही गिऱ्हाईकाकडे जाऊन काम करत असाल तर सेवेचे परिसर भरा, २०पर्यंत चालतात. वेळा, सुटीचा वार, गणपती-दिवाळीच्या वेगळ्या वेळा भरा. 'उघडं' दिसतं म्हणून आलेला माणूस शटर बघून परत गेला तर तो पहिल्यांदा एक तारा देतो, मग दुसरीकडे जातो.

नावाच्या रकान्यात पाटीवर आहे तेवढंच नाव. 'बेस्ट इंटिरियर डिझायनर ठाणे वेस्ट घोडबंदर रोड' अशी शेपटी लावणं नियमाबाहेर आहे, त्यावरून प्रोफाइल निलंबित होतं. जागा बदलली असेल तर जुन्या पत्त्याचं दुसरं प्रोफाइल नकाशावर शिल्लक नाही ना, ते बघा. अर्धी परीक्षणं तिकडे आणि अर्धी इकडे, अशी फाटाफूट दोघांनाही खाली ओढते.

नकाशावरची टाचणीही झूम करून बघा. नवी मुंबईत प्रत्येक नोडचे सेक्टर एकपासून सुरू होतात. सेक्टर १५ वाशीतही आहे, नेरुळातही, बेलापूरलाही. पत्त्यात नोडचं नाव आणि पिनकोड नसेल तर टाचणी भलत्या स्टेशनाच्या बाजूला पडते.

परीक्षणं काम संपल्याच्या दिवशी मागा, लिंक व्हॉट्सॲपवर पाठवून. त्या बदल्यात सवलत देऊ नका, ते गूगलच्या नियमांत बसत नाही. आणि प्रोफाइलमधल्या चॅटवर कधीकाळी चौकशा येत असतील तर त्या आता येणार नाहीत: गूगलनं ती सोय जुलै २०२४च्या अखेरीस काढून टाकली.

५. पहिला पडदा

इथपर्यंत सगळं बरोबर असेल आणि तरी माणसं येऊन परत जात असतील, तर साइट उघडल्यावर न सरकवता मोबाइलवर जेवढं दिसतं तेवढंच वाचा. अशा साइटवर साधारण हे सापडतं:

'आपल्या स्वप्नातील घराला साकार करणारे विश्वासाचे नाव. गुणवत्ता हीच आमची ओळख.'

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण यावरून ही माणसं बिल्डर आहेत, रंगारी आहेत की पडदे विकतात ते कळत नाही. त्याच जागी असं लिहून बघा:

'ठाणे पश्चिम आणि घोडबंदर रोडवर मॉड्युलर किचन. घरी येऊन मोजमाप मोफत. ८ बाय १० फुटांचं एल आकाराचं किचन, बीडब्ल्यूपी प्लायमध्ये, अमुक रुपयांपासून. काम २५ दिवसांत.' आणि लगेच खाली दोन बटणं, फोन आणि व्हॉट्सॲप.

'अमुक'च्या जागी तुमचा खरा आकडा घाला. आकडा लिहायला बहुतेक जण घाबरतात, स्पर्धकाला कळेल म्हणून. स्पर्धकाला तो आधीच माहीत असतो. माहीत नसतो तो गिऱ्हाईकाला, आणि भाव विचारायला फोन करावा लागेल एवढ्यावरच तो पुढच्या साइटवर जातो. एक नेमका आकडा नको असेल तर 'इथपासून' आणि त्यात काय धरलं आहे ते लिहा. चिमणी, हार्डवेअर, जुनं किचन काढणं यातलं काय वेगळं पडतं तेही लिहा. भाव ऐकून गायब होणारी मंडळी यानं निम्म्यावर येतात असा दावा कुणी करू नये, पण जी येतात ती तयारीनं येतात.

ठिकाणाचं नाव तितकंच नेमकं हवं. 'नवी मुंबई' म्हटलं की लोक खारघर, कामोठे, कळंबोलीही धरतात, जरी ती पनवेल महापालिकेत असली तरी. 'ठाणे' म्हटलं की शहरही आणि जिल्हाही, म्हणजे कल्याण, भिवंडी, मीरा-भाईंदर सगळं आलं. भलतीकडचे फोन येतात ते यामुळेच. कुठे जाता आणि कुठे जात नाही ते दोन ओळींत लिहा. नोकरीसाठी फोन येत असतील तर तळाशी वेगळी ओळ आणि वेगळा ईमेल द्या.

मराठी मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये आहे ना, हे मुद्दाम बघा. एक शब्द निवडून मोबाइलच्या नोट्समध्ये चिकटवा. शब्द तसाच उमटला तर ठीक. भलतीच अक्षरं आली, किंवा शब्द निवडताच आला नाही, तर तो जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये किंवा चित्रात आहे, आणि गूगलला तो नीट वाचता येईलच असं नाही. फ्लेक्सवाल्याकडून आलेली जाहिरात जशीच्या तशी साइटवर चढवली की हे होतं.

विश्वासासाठी शब्द नकोत, खुणा द्या. महापे-रबाळेच्या वर्कशॉपला फोन करण्याआधी कंपनीतला खरेदी विभाग जीएसटी क्रमांक बघतो: १५ अक्षरी, महाराष्ट्रातला असेल तर २७नं सुरू होणारा. तो तळाशी ठेवा. सोबत यंत्रांची यादी, त्यांच्या बेडचं (ज्यावर काम ठेवतात त्या पाटाचं) माप, कोणत्या ग्रेडचं आणि किती जाडीचं मटेरियल घेता ते लिहा. 'एसएस ३०४ आणि ३१६, १ ते ६ मिमी' एवढी एक ओळ 'अत्याधुनिक यंत्रसामग्री' या शब्दांपेक्षा कितीतरी जास्त काम करते. केटररनं १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक द्यावा, घरांच्या एजंटनं महारेरा नोंदणी क्रमांक. वकिलांनी मात्र जपून: बार कौन्सिलच्या नियमांनुसार त्यांना जाहिरात करता येत नाही, साइटवर ठरावीक माहितीच चालते. सीएंनाही त्यांच्या संस्थेची बंधनं आहेत. त्यांच्या साइटवर 'सर्वोत्तम' वगैरे शब्द असतील तर आधी ते काढा.

फोटो तुमच्याच कामाचे हवेत. परदेशी किचनचं विकतचं चित्र लोक ओळखतात. खाली परिसर, किती दिवस लागले, काय अडचण होती, एवढं लिहिलं की पुरे.

६. गूगलला साइट दिसते का

गूगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून तुमचं डोमेन टाका. पानं दिसली पाहिजेत. एकही दिसलं नाही तर वर्डप्रेसच्या सेटिंग्ज, रीडिंगमध्ये जा. शोधयंत्रांना परावृत्त करायचा एक चौकोन तिथे असतो. साइट बनत असताना तो टिक करतात आणि नंतर काढायला विसरतात. त्या एका खुणेपायी साइट वर्षभर अदृश्य राहू शकते.

मग सर्च कन्सोल, म्हणजे साइट शोधात कशी दिसते ते सांगणारं गूगलचं साधन, जोडा. मोफत आहे आणि मागच्या १६ महिन्यांपर्यंतचे आकडे दाखवतं, अर्थात जोडलेलं असेल तेव्हापासूनचे. त्यात दोनच आकडे बघा. साइट किती वेळा दिसली आणि किती वेळा क्लिक झाली. दिसतच नाही, तर त्या कामाबद्दल साइटवर पुरेसा मजकूर नाही. प्रत्येक मुख्य सेवेला स्वतंत्र पान द्या. दिसते पण क्लिक होत नाही, तर शीर्षक बघा. 'होम' एवढंच शीर्षक असलेल्या साइट आजही रोज भेटतात. त्याजागी 'मॉड्युलर किचन, ठाणे पश्चिम' आणि पुढे नाव.

परिसरांची नावं बदलून एकाच मजकुराची वीस पानं बनवू नका: 'ऐरोलीत पेस्ट कंट्रोल', 'घणसोलीत पेस्ट कंट्रोल', आत सगळं तेच. गूगलच्या स्पॅम धोरणात हे बसतं आणि साइट खाली जाते. एखाद्या परिसराबद्दल खरंच वेगळं सांगायचं असेल तरच वेगळं पान.

भेटींचे आकडे शून्य दिसत असतील तर घाबरण्याआधी कोड बघा. भेटी मोजणारं गूगलचं जुनं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ला नोंदी घ्यायचं थांबलं. त्याच्या जागी आलेलं जीए४ लावलेलं नसेल तर भेटी येत असूनही त्यांची नोंद होत नाही.

७. वेग

पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या मोफत साइटवर पत्ता टाका, मोबाइलचा आकडा वाचा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसायला हवा. छोट्या साइटवर दोषी जवळजवळ नेहमी फोटो असतात: मोबाइलनं काढलेला ४-५ एमबीचा फोटो तसाच चढवलेला. रुंदी १२०० पिक्सेल, वेबपी (हलक्या फोटो-फाइलचं) स्वरूप, २०० केबीच्या आत. वरचा सरकता स्लायडर काढून एकच चित्र ठेवा. १०० गुणांच्या मागे लागू नका, त्यानं गिऱ्हाईक वाढत नाही.

८. फोन आल्यावर

सोसायटीतला माणूस एका बैठकीत दोन-तीन जणांना विचारतो आणि ज्याचं उत्तर आधी येतं त्याच्याशी बोलणं पुढे नेतो. चुकलेला फोन तासाभरात परत करा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये बंद वेळेचा संदेश ठेवा, पण त्यात 'लवकरच संपर्क करू' असं न लिहिता वेळ लिहा: 'उद्या सकाळी ११च्या आत फोन करतो.'

टेबलावर एक वही ठेवा. तारीख, परिसर, काय हवं, कुठून कळलं, पुढे काय झालं. महिनाभराची ही वही कोणत्याही ॲनालिटिक्सपेक्षा जास्त सांगते, कारण साइट बघून सरळ दुकानात आलेला माणूस फक्त तिथेच नोंदला जातो.

एवढं झाल्यावरच जाहिरात. गूगल ॲड्समध्ये ठिकाणाच्या सेटिंगला मुळात 'तिथे असलेले किंवा तिथे रस असलेले' असं निवडलेलं असतं. ते 'तिथे असलेले' करा, नाहीतर पैसे ठाण्याबाहेर जातात. 'नोकरी', 'कोर्स', 'फुकट' हे शब्द वगळायच्या यादीत टाका. जाहिरात मुख्य पानावर न नेता त्या सेवेच्या पानावर न्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

गूगलमध्ये तुमच्या साइटच्या नावाखाली जपानी अक्षरं किंवा औषधांची पानं दिसत असतील, किंवा फक्त मोबाइलवरून आलेला माणूस भलत्याच साइटवर वळत असेल, तर साइटमध्ये घुसखोरी झाली आहे. स्वतः फायली पुसू नका. मागचं दार कुठे उघडं आहे ते कळल्याशिवाय पुसलेलं सगळं आठवड्यात परत येतं.

ऑफिसचे ईमेल त्याच डोमेनवर असतील आणि कुणी नेमसर्व्हर (डोमेनच्या डीएनएस नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलायला सांगत असेल, तर एमएक्स नोंदी (मेल कुठे पोहोचवायचा ते सांगणाऱ्या) उतरवून घेतल्याशिवाय हात लावू नका. साइट चालू होते आणि मेल बंद पडतात.

प्रोफाइल निलंबित झालं तर दुसरं उघडू नका, पहिल्यावर अपील करा. पाटीचा फोटो, वीजबिल, नोंदणीची कागदपत्रं जमवून ठेवा. सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल ॲक्शन' (नियम मोडल्याबद्दल गूगलनं केलेली कारवाई) दिसली, किंवा साइटवर पैसे घेण्याचं गेटवे बिघडलं, तरीही तेच: जाणकार.

डोमेन दुसऱ्याच्या नावावर निघालं तर हा तांत्रिक प्रश्न राहत नाही. भांडण न करता, मुदत संपण्याच्या बरंच आधी, ते लेखी मागून आपल्या खात्यात घ्या. पैसे भरल्याच्या पावत्या शोधून ठेवा.

काम देताना 'पहिल्या नंबरवर आणण्याची हमी' देणाऱ्याला नाही म्हणा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलच सांगतं. वरच्यापैकी कोणत्या पायरीवर दोष आहे आणि तो गेला हे कसं दाखवणार, ते विचारा. स्वतःचा पासवर्ड देऊ नका. वर्डप्रेसमध्ये वेगळं खातं उघडून द्या, प्रोफाइलवर मालक न करता व्यवस्थापक करा. डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल, प्रोफाइल या चारही ठिकाणी मालक म्हणून तुमचाच ईमेल हवा. काम संपलं की ती खाती बंद करा, आणि पैसे चुकते करण्याआधी दुसऱ्याच्या मोबाइलवरून फॉर्म पुन्हा एकदा भरून बघा.